ड्रायरच्या पाठीमागे

जूनचा दुसरा आठवडा उलटला की आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फोन खाली ठेवायची सोय नसते. मुंबई-ठाण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. जुलैत दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतो आणि शाळेच्या गणवेशाला कुबट वास सुटतो. मग घराघरांत एकच ठराव पास होतो : या वर्षी ड्रायर घ्यायचाच. शोरूमवाले खूश, हप्तेवाले खूश. मशीन घरात येतं, आमचा पोऱ्या जाऊन ते बसवून देतो आणि थोड्याच दिवसांत कॉल येतो, ‘अहो, कपडे वाळतच नाहीत तुमच्या मशीनमध्ये!’

मी काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस. कॉल लिहून घ्यायचे, पोरांना साइटवर पाठवायचं, संध्याकाळी जॉबशीट तपासायच्या आणि चहाच्या वेळी ती पोरं जे सांगतात ते ऐकायचं, हे माझं काम. जॉबशीटवर दोनच ओळी असतात, खरी हकिगत चहाबरोबर बाहेर येते. या हकिगतींचा गोषवारा एवढाच : ड्रायरच्या तक्रारी मशीनच्या कमी आणि हवेच्या जास्त असतात. ड्रायर खोलीतली हवा आत ओढतो, ती तापवतो, फिरत्या ड्रममधल्या ओल्या कपड्यांतून काढतो आणि वाफेने जड झालेली हवा बाहेर टाकतो. हवेला यायला-जायला वाट असली की मशीन मुकाट्याने काम करतं. ती अडली की ओले कपडे, फुगलेलं बिल, भिंतीवरची बुरशी आणि वेळ आलीच तर आगही, सगळं त्या एका अडथळ्यातून निघतं.

बादलीत सोडलेली वाफ

डोंबिवलीतलं वन बीएचके. जागा नाही म्हणून ड्रायर बाथरूमच्या भिंतीवर टांगलेला. ‘दोन तास चालवलं तरी जीन्स ओलीच,’ अशी तक्रार. आमच्या मेकॅनिकने क्लॅम्प मीटर लावला, तर मशीन साडेनऊ अँपिअर ओढत होतं. म्हणजे हीटर ठणठणीत. ड्रम फिरतोय, पंखा चालतोय. मग त्याचं लक्ष आरशाकडे गेलं. आरशावरून पाण्याचे ओघळ चालले होते. दार बंद, खिडकीची काच बंद, कारण पावसाचं पाणी आत येतं. आणि ड्रायरच्या मागून निघणारी होज पाइप खाली बादलीत सोडलेली.

‘बादली कशाला, काकू?’

‘अरे, वाफेचं पाणी त्यात जमतं ना!’

हिशेब साधा आहे. ५ किलो सुती कपडे वॉशिंग मशीनमध्ये १,२०० आरपीएमवर पिळून निघाले, तरी त्यांत साधारण अडीच लिटर पाणी उरतं. ते सगळं पाणी वाफ होऊन त्या कोंदट बाथरूममध्ये येत होतं आणि मशीन तीच ओली हवा पुन्हा आत ओढत होतं. बादलीत चमचाभर पाणी, बाकी सगळं छताला. आमच्या माणसाने खिडकी उघडली, होज बाहेर काढली, दार उघडं ठेवलं आणि तेच कपडे पुन्हा लावले. या वेळी वाळले. जॉबशीटवर त्याने लिहिलं, ‘नो फॉल्ट फाउंड.’ काकूंनी सही करताना कुरकुर केली, ‘मग दुरुस्त काय केलंत?’

यात काकूंचा दोष नव्हता. त्यांनी घेतलेला ड्रायर व्हेंटेड, म्हणजे दमट हवा बाहेर फेकणारा. असं मशीन घ्यायचं तर त्याची हवा घराबाहेर गेलीच पाहिजे, हे शोरूममध्ये कोणी बोललं नव्हतं. बाहेर भोक पाडणं शक्यच नसेल, तर कंडेन्सर किंवा हीट पंप ड्रायर घ्यावा. कंडेन्सरवाला वाफ आतल्या आत थंड करून तिचं पाणी टाकीत जमवतो. हीट पंपवाला एसीच्या तत्त्वावर चालतो : थंड कॉइलवर वाफेचं पाणी करतो आणि तीच हवा गरम कॉइलवरून पुन्हा ड्रममध्ये सोडतो. तो महाग, वेळही जास्त घेतो. पण वीज निम्म्याच्या आसपास लागते आणि कपडे कमी तापमानाला वाळतात.

साळुंकीचं बाळंतपण

व्हेंटेड ड्रायरसाठी बाहेरच्या भिंतीला चार इंची भोक पाडावं लागतं. कोअर कटिंगवाला येतो, अर्ध्या तासात गोल भोक पाडून जातो. पण त्याआधी सोसायटीची परवानगी लागते आणि तिथेच घोडं अडतं. मग लोक शॉर्टकट काढतात : होज सरळ बिल्डिंगच्या डक्टमध्ये. डक्ट सामाईक असतो, अरुंद असतो, त्यात वारा खेळत नाही. एका सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या ड्रायरने खालच्या घराची भिंत ओली केली आणि प्रकरण वार्षिक सर्वसाधारण सभेत गाजलं. प्लंबरला दोनदा बोलावून झालं होतं. गळती पाइपची नाही, हवेची आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

भोक नीट पाडलं, तरी त्याच्या बाहेरच्या तोंडाचं काय? ठाण्यात एका घरी ड्रायर पावसाळाभर छान चालला, दिवाळीनंतर झाकून ठेवला आणि पुढच्या जूनमध्ये चालू केला, तर जळका वास. होज काढली तेव्हा आतून काड्या, दोऱ्या, प्लास्टिकची पट्टी आणि पिसं निघाली. उन्हाळ्यात साळुंकीने तिथे घरटं केलं होतं. पिल्लं उडून गेली होती, एवढंच बरं.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे भोकाला डासांची जाळी लावायची. तिला आमचा सक्त विरोध. कपड्यांतून सुटणारी बारीक लव, म्हणजे लिंट, फिल्टरमधून थोडी तरी निसटतेच. ती दमट हवेबरोबर जाऊन बाहेरच्या जाळीवर बसते आणि थोड्याच दिवसांत तिथे नमदा तयार होतो. बाहेर हवी ती हलकी झडप : मशीन चाललं की हवेने उघडणारी, थांबलं की आपोआप पडणारी. अमेरिकेत बांधकामाच्या संहितेतच ड्रायरच्या नळीच्या टोकाला जाळी लावायला मनाई आहे. नळीचे जोड आत टोकं निघणाऱ्या स्क्रूने आवळायचे नाहीत, कारण त्या टोकांवर लव अडकते, हेही त्यात आहे. नळी ४ इंची, लांबी जास्तीत जास्त ३५ फूट, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा. वळण म्हणजे अडथळा, हा त्या नियमाचा मथितार्थ. आपल्याकडे फ्लॅटमध्ये लांबीचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे मशीन भिंतीला टेकवताना होज मागे चेपते. बाहेरून सगळं चकाचक दिसतं आणि मागे नळीचा गळा आवळलेला असतो.

आमच्या एक जुन्या ग्राहक काकू न्यू जर्सीला लेकीकडे गेल्या होत्या. तिथे तळघरात गॅसवर चालणारा ड्रायर, कपडे वाळायला दोन-दोन सायकल लागायच्या. जावई नवीन मशीन घ्यायच्या बेतात. काकू घराबाहेर गेल्या, भिंतीवरची झडप बोटाने उचलून पाहिली आणि आतून मूठ-मूठ राखाडी लव काढली. तिकडे हे काम अधिकच जोखमीचं, कारण गॅसच्या ड्रायरची नळी तुंबली की कार्बन मोनॉक्साइड घरात परतू शकतो. काकूंनी परत आल्यावर हे आम्हाला फोन करून ऐकवलं. आवाजात विजय मावत नव्हता.

अडीचची वायर, बत्तीसची एमसीबी

घरगुती ड्रायर साधारण २,००० ते २,५०० वॉटचा असतो. २३० व्होल्टला म्हणजे नऊ ते अकरा अँपिअर, तेही तास-दीड तास सलग. मिक्सरही वीज ओढतो, पण दोन मिनिटं. ड्रायरची गाठ सलग चालण्याशी आहे, आणि ढिला जोड कुठे आहे हे सलग चालल्यावरच कळतं. आमची पोरं डेमो देताना मशीन थोडा वेळ चालवतात आणि मग प्लगवर हात ठेवून बघतात. प्लग चटका बसण्याइतका तापला असेल, तर सॉकेटची पकड ढिली. असा सॉकेट बदलूनच पुढे जायचं.

कुर्ल्याच्या एका घरी गीझर आणि ड्रायर एकाच लाइनवर होते. दोन्ही लागले की १८ अँपिअरच्या वर लोड, आणि १६ची एमसीबी थोड्या वेळाने पडायची. पडायलाच हवी, ती त्याचसाठी असते. नाक्यावरच्या वायरमनने एका झटक्यात इलाज केला. १६ची काढली आणि ३२ची लावली. ‘आता नाही पडणार, साहेब.’ खरंच पडली नाही. पण भिंतीतली वायर अडीचचीच होती, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची. नळीतून जाणारी तसली वायर २० अँपिअरच्या आसपास दमते. म्हणजे आता वायर वितळेल, पण एमसीबी शांत राहील, अशी व्यवस्था झाली होती. आमच्या माणसाने स्विचबोर्डाचं झाकण काढलं तेव्हा वायरचं आवरण टोकाला तपकिरी पडून खडखडीत झालं होतं. नखाने दाबलं, तर तुकडा पडला.

बसवणाऱ्याने मशीन खोक्यातून काढायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात. ड्रायरला स्वतःचा १६ अँपिअरचा पॉइंट, शक्यतो चारच्या वायरवर, मेन बोर्डापासून स्वतंत्र. अर्थिंग खरं आहे का, हे बघायला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायचा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर गेला की पुढचं काम थांबवायचं. आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का. ओल्या हाताने मशीनला हात लावणाऱ्याचा जीव ती वाचवते. एक्स्टेन्शन बोर्ड दिसला की आमचे ज्येष्ठ मेकॅनिक मशीन पुन्हा खोक्यात घालतात. पार्टी चिडते, शोरूमचा फोन येतो, ‘तुमचा माणूस फार नखरे करतो.’ त्यांनी तरीही आजवर एकही ड्रायर बोर्डावर लावून दिलेला नाही.

भिंत ठोकून बघणारा माणूस

याच मेकॅनिकची आणखी एक सवय. ड्रायर टांगायचा असेल, तर ड्रिल काढायच्या आधी ते बोटाच्या पेराने भिंत ठोकतात. नव्या टॉवरमधल्या पुष्कळ भिंती हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. विटेच्या भिंतीला चालतो तो साधा फास्टनर त्यांत आवळला की आतला भुगा होतो. वरून घट्ट वाटतं आणि महिनाभर मशीन हादरलं की छिद्र मोठं होतं. रिकामा ड्रायरच २५-३० किलोचा, वर ओले कपडे. सिपोरेक्सला त्याचेच अँकर लागतात, किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट. ड्रायर वॉशिंग मशीनवर चढवायचा असेल, तर दोन्हींच्या मापाचा स्टॅकिंग किट हवा. एका घरी मध्ये प्लायवूडचा तुकडा आणि चार कोपऱ्यांना एम-सील, असा देशी किट सापडला होता. खालचं मशीन स्पिनला गेलं की वरचं पुढे सरकायचं आणि घरातले दोघं धावत जाऊन ते धरायचे.

‘डायरेक्ट केलंय’

आमच्या धंद्यात काही शब्द ऐकले की कान टवकारतात. त्यांतला पहिला : ‘डायरेक्ट केलंय.’

ड्रायरमध्ये तापमानावर नजर ठेवणारे थर्मोस्टॅट असतात. तेही चुकले, तर शेवटचा पहारेकरी म्हणून थर्मल फ्यूज. ठरावीक मर्यादेपलीकडे उष्णता गेली की तो एकदाच उडतो आणि हीटरचा पुरवठा, किंवा काही मॉडेलमध्ये सगळं मशीनच, बंद पाडतो. तो पुन्हा जोडता येत नाही, बदलावाच लागतो. किंमत किरकोळ. पण आमच्याकडे पार्ट मागवायला चार दिवस लागतात आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. मग कोणीतरी ओळखीचा मेकॅनिक येतो, फ्यूजच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडतो आणि मशीन चालू. तेच डायरेक्ट.

असा एक ड्रायर वर्कशॉपमध्ये आला होता. ‘मस्त तापतो, पण वास येतो,’ ही तक्रार. मागचं झाकण उघडलं, तर हीटरच्या कवचाभोवती लवेचा थर, त्यावर तपकिरी डाग, आणि फ्यूजच्या जागी पिवळ्या वायरचा सुबक तुकडा, वर टेप. काम करणाऱ्याचा हात चांगला होता, हे कबूल करावं लागेल. फ्यूज का उडाला, एवढंच त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. उत्तर दोन फुटांवर होतं : मागे चेपलेली होज. हवा अडली, हीटर तापला, फ्यूजने आपलं काम केलं. फ्यूज बदलून होज तशीच ठेवली असती, तरी नवा फ्यूज पुन्हा उडाला असता. म्हणून आमच्याकडे नियम आहे : उडालेला फ्यूज बदलताना हवेची सगळी वाट, फिल्टरपासून बाहेरच्या झडपेपर्यंत, मोकळी करून दाखवायची आणि मगच जॉब बंद करायचा.

जाळीवर पाणी ओतून बघा

फिल्टर दर वेळी साफ करा, हे सगळेच सांगतात. सगळेच ‘हो करतो ना’ म्हणतात. करतातही, बोटाने वरची लव काढून टाकतात. तरी हवा अडते. यातली मेख एका ज्येष्ठ मेकॅनिकने पोरांना शिकवली. जाळी काढायची, वरची लव पुसायची आणि नळाखाली धरायची. पाणी सरळ खाली गेलं, तर जाळी साफ. पाणी वर थांबलं, तर त्या स्वच्छ दिसणाऱ्या जाळीवर फॅब्रिक सॉफ्टनरचा पातळ थर बसलाय. डोळ्याला दिसत नाही, पण हवा अडवतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि पूर्ण वाळवून परत. फिल्टर काढून ठेवून मशीन चालवायचं मात्र कधीही नाही. एकाने ‘हवा मोकळी खेळेल’ म्हणून तसं केलं आणि सगळी लव थेट आत गेली.

ही लव म्हणजे सुटा कापूस. आग लागायला लागतं ते सगळं ड्रायरमध्ये हजर असतं : उष्णता, हवा आणि कापूस. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाच्या आधारे काढलेला अंदाज असा, की तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत, त्यांत ५ जणांचा जीव जाई आणि १०० जण जखमी होत. कारणांत सगळ्यात वर, ३४ टक्क्यांवर, मशीन साफ न करणं.

पण दर वेळी खापर वापरणाऱ्यावर फोडून भागत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हर्लपूलने ब्रिटनमध्ये इशारा दिला, की आपल्या समूहाच्या काही ब्रँडच्या ड्रायरमध्ये लव हीटरला लागून पेट घेऊ शकते. दुरुस्ती होईपर्यंत मशीन वापरा, फक्त ते चालू असताना लक्ष ठेवा, असा सल्ला होता. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या १८ मजली शेफर्ड्स कोर्ट इमारतीत सातव्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांवर चढली. कारण निघालं इंडेसिटचा ड्रायर, त्याच इशाऱ्यातला. जीवितहानी झाली नाही, पण घरं बेचिराख झाली. पुढे २०१७ मध्ये सल्ला बदलला : प्लग काढा, वापरूच नका. आणि २०१९ मध्ये सरकारच्या रेट्यानंतर मशीनं परत बोलावली गेली. आमच्या सेंटरमध्ये नव्या पोराला ही हकिगत पहिल्या आठवड्यात सांगितली जाते. धडा दुहेरी आहे. ग्राहकाने मॉडेल नंबर नोंदवून ठेवावा, म्हणजे असा इशारा आला तर त्याच्यापर्यंत पोचेल. आणि ‘लक्ष ठेवून वापरा’ हा दुरुस्तीला पर्याय नाही.

आजीची गोधडी

नाशिकच्या एका आजींनी नातीच्या बाळासाठी शिवलेली गोधडी मुलुंडच्या ड्रायरमध्ये गेली. मशीनने ‘ड्राय’ म्हणून बीप दिला. गोधडी वरून कडकडीत, आतून ओली. घडी घालून कपाटात ठेवली आणि तिसऱ्या दिवशी वास. आजी ठाम : ‘मशीनला गोधडी कळत नाही.’

आजींचं बरोबर होतं. नव्या ड्रायरमध्ये दाराजवळ धातूच्या दोन पट्ट्या असतात. कपडे त्यांना घासतात, ओल्या कपड्यातून बारीकसा प्रवाह जातो, सुका झाला की थांबतो. मशीनला कळतो तो कपड्याचा वरचा पापुद्रा. पाच थरांच्या आत काय चाललंय, ते नाही. गोधडी, रजई, जाड चादर यांसाठी ऑटो मोड सोडून टायमर लावायचा, मध्ये थांबवून उलटायची आणि शेवटी वाऱ्यावर टाकायची. त्याच पट्ट्यांवर सॉफ्टनरचा थर बसला, तर प्रवाह नीट जात नाही आणि ओले कपडेही मशीनला सुके वाटतात. महिन्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसल्या की निम्म्या ‘सेन्सर खराब’ तक्रारी मिटतात.

न पेटवलेली आग

हा किस्सा ऐकताना चहा थंड झाला होता. पंचकर्म केंद्राचे टॉवेल धुणारी एक लाँड्री. टॉवेल धुतले, ड्रायरमध्ये वाळवले, गरम असतानाच भराभर घड्या करून मोठ्या टोपलीत रचले आणि शटर ओढलं. पहाटे शेजाऱ्याला धुराचा वास आला. शटर उघडलं, तर टोपलीच्या मध्यातून धूर. बाहेरचे टॉवेल शाबूत, मधले कोळसा. शॉर्ट सर्किट नाही, उदबत्ती नाही, विडी नाही.

आग तेलाने लावली होती. काही तेलं हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग पावतात आणि त्यातून उष्णता निघते. जवस आणि करडईचं तेल यात पुढे, तिळाचं त्यांच्यामागे, आणि खोबरेल पुष्कळ शांत. साध्या धुण्याने टॉवेलातलं सगळं तेल जात नाही. ड्रायरमधून गरम निघालेले टॉवेल एकावर एक रचले की आतली उष्णता बाहेर पडत नाही. तापमान वाढतं, वाढल्याने क्रिया आणखी जोरात होते, आणि एका टप्प्याला कापूस पेट घेतो. तासाभराने किंवा काही तासांनी, कोणी नसताना.

घरात पंचकर्म केंद्र नसतं, पण दिवाळीचं अभ्यंग असतं, बाळ-बाळंतिणीच्या मालिशचे पंचे असतात, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी असतात. हे कपडे ड्रायरमध्ये घालायचेच नाहीत, दोरीवर मोकळे टाकायचे. पेट्रोल, थिनर, पॉलिश लागलेली फडकी तर मशीनच्या आसपासही नकोत. रबरी पाठीची पायपुसणी, फोमच्या उश्या, खिशातला लायटर, हेही बाहेर. ड्रायरच्या शेवटी जी दहाएक मिनिटं हीटर बंद ठेवून ड्रम फिरतो, ती कपडे थंड करायला असतात. वीज वाचवायला म्हणून पुष्कळ लोक तेवढ्यातच मशीन बंद करतात. मध्येच थांबवायची वेळ आलीच, तर कपडे लगेच बाहेर काढून पसरायचे, ढीग करायचा नाही. आणि घर बंद करून जाताना किंवा झोपताना ड्रायर लावायचा नाही. धूर दिसला तर दार उघडून आत बघायचं नाही, कारण उघडलेल्या दाराने आगीला हवा मिळते. मेन बंद करायचा, घराबाहेर पडायचं आणि १०१ फिरवायचा.

बिलाचा गुन्हेगार

एका साहेबांनी दोन तक्रारी एकदम नोंदवल्या : बिल फार येतं, आणि टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं तर बॅटरी गेली. दुसरी आधी. कंडेन्सरच्या टाकीतलं पाणी वाफेपासून झालेलं असलं, तरी वाटेत त्याला लव, साबणाचे अंश आणि काय काय भेटलेलं असतं. फरशी पुसायला चालेल, फ्लशला चालेल, बॅटरीला नाही.

बिलाचा शोध मात्र आमच्या पोराने ड्रायरला हात न लावता घेतला. त्याने वॉशिंग मशीन बघितलं. साड्यांना चुण्या पडतात म्हणून घरात सगळेच कपडे ४०० आरपीएमवर पिळले जात होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं, तरी ०.६३ युनिट लागतात. प्रत्यक्षात जास्तच. कपड्यात एक-दीड लिटर पाणी जास्त राहिलं, की दर खेपेला युनिटभर वीज तिथेच गेली. पिळायला मोटर जी वीज घेते, ती त्यापुढे चिल्लर आहे. पोराने चादरी, टॉवेल आणि जीन्ससाठी स्पिन १,२०० वर नेला, साड्या बाजूला काढल्या आणि जॉबशीटवर लिहिलं, ‘ड्रायर ओके. कस्टमर एज्युकेटेड.’

सही करण्याआधी

आता काउंटरच्या आतली गोष्ट. सीझनला एका पोराच्या माथी दिवसाला सात-आठ कॉल असतात. बसवून देण्याचे पैसे जॉबमागे मिळतात, समजावून सांगण्याचे वेगळे मिळत नाहीत. त्यामुळे डेमो म्हणजे ‘हे पॉवर, हे स्टार्ट, इथे सही करा’ एवढ्यावर येतो. हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे दाखवायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं कोणाच्याच खात्यात नसतात. वर सांगितलेले बहुतेक किस्से त्या न दिलेल्या दहा मिनिटांतून जन्मले आहेत.

म्हणून ती तुम्ही मागून घ्या. होज मागे चेपली नाही ना, मशीन पुढे ओढून दाखवायला सांगा. बाहेरची झडप चालू मशीनवर उघडते का, ते खिडकीतून स्वतः बघा. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मीटरवर दाखव म्हणावं. लिंटची जाळी आणि कंडेन्सर किंवा हीट पंप असेल तर त्याची आतली दुसरी जाळी, दोन्ही त्याच्यासमोर तुमच्या हाताने काढून परत बसवा. अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून प्लगवर हात ठेवायला लावा. घरात पोर किंवा मांजर असेल, तर चाइल्ड लॉक कसं लागतं ते विचारा आणि स्टार्ट दाबण्याआधी ड्रममध्ये डोकावायची सवय लावा. एवढं झाल्याशिवाय कोणी जॉबशीट पुढे केली, तर त्याला चहा पाजा, पंख्याखाली बसवा, पण पेन हातात घेऊ नका.